जहाजाला किनाऱ्याची वीज दिली, तर धूर जातो कुठे?

वरोरा तालुक्यातला एक पोरगा चंद्रपूरला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने विचारलंय: बंदरात उभ्या जहाजाने स्वतःचे जनरेटर बंद करून किनाऱ्याची वीज घेतली की प्रदूषण कमी होतं, असं जिथेतिथे वाचायला मिळतं. मी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे मुंबईकडचा धूर बंद करून आपल्या दुर्गापुरावर सोडणार, हेच ना?" बाबा तिथल्याच, चंद्रपूरच्या कोळशाच्या पॉवर स्टेशनात कंत्राटी कामावर आहेत. त्यांचं बरोबर आहे का? आणि जहाजाला वीज जोडतात तरी कशी?

बाबांना आधी माझा नमस्कार सांग. बंदराच्या मीटिंगांत बसणाऱ्यांनी जो प्रश्न विचारायला पाहिजे, तो त्यांनी जेवता जेवता विचारला. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. धूर म्हणजे एक वस्तू नाही. त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा निघतो. एकीत बंदराचा सरळ फायदा आहे, एकीत बरोबरी सुटते आणि एकीत चंद्रपूरला फटका बसतो. हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबून 'प्रदूषण कमी होतं' म्हणणं सोपं आहे, म्हणून तसं लिहिलं जातं.

मी बरीच वर्षं जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, बहुतेक काळ कंटेनर जहाजांवर. आता भद्रावती तालुक्यात गावी असतो. पारावर बसलो की एक प्रश्न हमखास येतो: "जहाज धक्क्याला लागल्यावर इंजिन तं बंदच राहते, मंग धूर कायचा?" तिथूनच सुरुवात करू.

जहाज पुढे ढकलणारं मुख्य इंजिन धक्क्याला लागल्यावर खरंच बंद होतं. पण जहाजावर माणसं राहतात, पंप चालतात, इंजिनरूमचे पंखे चालतात, बॅलास्टचं, म्हणजे जहाजाचा तोल राखायचं पाणी आत-बाहेर करावं लागतं, रीफर म्हणजे फ्रिजवाले कंटेनर थंड ठेवावे लागतात. या सगळ्याला वीज लागते आणि ती देणारे डिझेल जनरेटर चोवीस तास चालू असतात. मध्यम आकाराच्या कंटेनर जहाजाला धक्क्यावर साधारण एक ते दोन मेगावॅट लागतात. रीफर भरपूर असले तर त्याहून जास्त. मोठं क्रूझ जहाज तर आठ-दहा मेगावॅट सहज ओढतं, कारण ते बंदरात उभं असलं तरी त्याचं हॉटेल चालूच असतं. किनाऱ्याच्या विजेने बंद होतात ते हेच जनरेटर. बॉयलर बंद होत नाही, हे लक्षात ठेव. जड तेल गरम ठेवायला वाफ लागते. समुद्रात ती मुख्य इंजिनाच्या गरम धुरावर फुकट मिळते, बंदरात तेल जाळून करावी लागते. त्यामुळे केबल लावली की चिमणी कोरडी झाली असं होत नाही. तेलवाहू जहाजांवर तर बऱ्याच ठिकाणी माल उपसायचे पंपच वाफेवर चालतात. त्यांना किनाऱ्याची वीज दिली तरी मोठा धूर तसाच राहतो.

आता जोडणी. हा भाग सावकाश सांगतो, कारण तुझ्या प्रोजेक्टचं इलेक्ट्रिकल सगळं इथे आहे.

पहिली अडचण फ्रिक्वेन्सीची. आपली वीज ५० हर्ट्झ. बहुतेक मोठी समुद्री जहाजं ६० हर्ट्झवर बांधलेली असतात: छोट्या मोटरा ४४० व्होल्टवर, मोठ्या जहाजांचा मुख्य स्विचबोर्ड ६.६ केव्हीचा. ६० हर्ट्झचा पंप ५० वर चालवला तर तो पाच-षष्ठांश वेगाने फिरतो आणि त्याची ताकद घनाच्या हिशेबाने पडते, म्हणजे जेमतेम ५८ टक्के उरते. वर व्होल्टेज त्याच प्रमाणात कमी केलं नाही तर मोटरचा गाभा संपृक्त होतो आणि मोटर तापते. म्हणून किनाऱ्यावर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवावा लागतो. तो ५० हर्ट्झची एसी घेतो, तिची डीसी करतो आणि डीसीची पुन्हा ६० हर्ट्झची एसी करतो. अमेरिकेत ग्रिडच ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथल्या बंदरांना हा खर्च नाही. युरोपला आणि आपल्याला आहे, आणि सगळ्या संचातला सर्वांत महाग डबा हाच.

कन्व्हर्टर बघायला मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात जायची गरज नाही. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसीची लाइन तुला माहीतच असेल: अधिक-उणे ५०० केव्ही, १५०० मेगावॅट, सुमारे ७५२ किलोमीटर, गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली. चंद्रपूरच्या टोकाला एसीची डीसी होते, पडघ्याला डीसीची एसी. तत्त्व तेच, फक्त तिथे दोन्ही टोकांना ५० हर्ट्झ आहे आणि मधे अर्धा महाराष्ट्र. कॉलेजमार्फत भेटीची परवानगी मिळाली तर जाऊन ये. बाबांच्या प्रश्नाचं भौतिक उत्तरही त्याच तारांत आहे. पडघा ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या उंबरठ्यावर. विदर्भातली वीज कोकणपट्टीकडे नेण्यासाठीच ती लाइन टाकली.

कन्व्हर्टरच्या पुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक जहाजाला वेगळा, म्हणजे एका जहाजावरचा अर्थ फॉल्ट दुसऱ्यावर किंवा बंदराच्या ग्रिडवर जात नाही. न्यूट्रल रेझिस्टरमधून अर्थ केलेला. पुढे धक्क्यावर, क्रेनच्या रुळांच्या अलीकडे-पलीकडे, जमिनीत बुजवलेली सॉकेट बॉक्स. या सगळ्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी/आयईईई ८०००५-१. कंटेनर जहाजासाठी त्यात ६.६ केव्ही, दोन समांतर केबल आणि कमाल साडेसात एमव्हीए असा आराखडा आहे. क्रूझसाठी ११ केव्हीसुद्धा चालतं. कंटेनर जहाजात केबल जहाजाची स्वतःची असते, रीळावर गुंडाळलेली, कारण धक्क्यावर क्रेन फिरतात आणि तिथे केबल उचलणारं यंत्र उभं करायला जागा नसते. क्रूझमध्ये उलट, केबल किनारा देतो.

प्रत्यक्षात असं होतं. जहाज दोरांनी धक्क्याला बांधलं गेलं की रीळावरून केबल खाली सोडायची. प्लग हाताच्या मनगटाएवढा नाही, मांडीएवढा, दोघं-तिघं लागतात. जोडण्याआधी दोन्ही बाजूंचे अर्थिंग स्विच बंद, म्हणजे तिन्ही फेज जमिनीला बांधलेल्या. प्लगच्या आत तीन फेज आणि अर्थशिवाय बारीक पायलट पिना असतात. त्या सगळ्यात शेवटी लागतात आणि सगळ्यात आधी सुटतात. पायलटचं सर्किट पूर्ण झाल्याशिवाय किनाऱ्याचा ब्रेकर लागूच शकत नाही; कोणी प्लग ओढायचा प्रयत्न केला तर मुख्य पिना सुटायच्या आत ब्रेकर पडलेला असतो. मग इन्सुलेशन तपासायचं, इमर्जन्सी स्टॉप दोन्ही बाजूंनी दाबून बघायचा, अर्थिंग स्विच उघडायचे, किनाऱ्याला वॉकीटॉकीवर 'रेडी' सांगायचं. ब्रेकर लागला की जहाजाच्या स्विचबोर्डवर फेजचा क्रम तपासायचा, चालू जनरेटर किनाऱ्याच्या विजेशी सिंक्रोनाइझ करायचा, सिंक्रोस्कोपचा, म्हणजे दोन विजांचा ताल जुळला का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा बारावर येतायेता ब्रेकर मारायचा. काही सेकंद दोघंही भार वाहतात. हळूहळू जनरेटरचा भार किनाऱ्यावर सरकवायचा, त्याचा ब्रेकर उघडायचा, थंड होईपर्यंत रिकामा चालू द्यायचा आणि बंद करायचा.

एका बंदरात, नाव नको, याच पायलट पिनेवर खाऱ्या हवेचा थर बसला होता. बाकी सगळं ठीक, सर्किट पूर्ण होईना. सहा हजार सहाशे व्होल्टचा सगळा जामानिमा एका टाचणीएवढ्या पिनेपायी दोन तास थांबला, आणि जनरेटर तोवर धूर ओकत राहिले. देखभाल हा या योजनेचा कणा आहे. उद्घाटनाच्या फोटोत ती दिसत नाही.

आणि भरती-ओहोटी. आपल्याकडे मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. त्यात माल उतरला की जहाज वर उचलतं, चढला की बसतं. केबल सैल ठेवली तर धक्का आणि जहाजाच्या मधे चेपते, ताणली तर प्लगवर ओढ येते. रीळावर ताण मोजणारी यंत्रणा असते. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की आधी घंटा, मग सरळ ट्रिप. ट्रिप झाला की जहाज अंधारात. स्टँडबाय जनरेटर आपोआप सुरू व्हायला पाहिजे, आणि तोही झाला नाही तर इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत भार घेतलाच पाहिजे, असा सोलासचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे.

आता मूळ मुद्दा, हिशेब. एक जहाज धर: न्हावाशेव्याला चोवीस तास उभं, सरासरी १२०० किलोवॅट. म्हणजे २८,८०० युनिट.

जहाजाच्या जनरेटरला एका युनिटला साधारण २१० ग्रॅम तेल लागतं. दिवसाला सहा टन. एक टन तेल जळून सुमारे ३.१ ते ३.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दिवसाला १९ टन.

हीच वीज ग्रिडवरून घेतली तर? कन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, पारेषण मिळून आठेक टक्के वाटेत जातात असं धर. म्हणजे ३१,३०० युनिट निर्माण करावे लागतील. भारतीय ग्रिडचा सरासरी आकडा युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी तो प्रसिद्ध करतं. गुणाकार कर: २२ टन. जहाजाच्या १९ टनांपेक्षा थोडं जास्तच! कार्बनच्या बाबतीत आजच्या ग्रिडवर हा सामना फार तर बरोबरीचा आहे. नॉर्वेत जलविद्युत आहे, फ्रान्समध्ये अणुवीज आहे. तिथले चकाचक आकडे उचलून इथे लावायचे नाहीत. प्रोजेक्ट रिपोर्टांत सर्रास हेच केलेलं असतं.

नायट्रोजन ऑक्साइडचं बघ. त्याने छाती भरते, डोळे चुरचुरतात. २०११ नंतर बांधलेल्या जहाजाच्या मध्यम गतीच्या जनरेटरला युनिटमागे नऊ ते दहा ग्रॅमची मर्यादा आहे. त्याआधीच्या जहाजांना बाराच्या आसपास. आपल्या हिशेबाच्या जहाजातून दिवसाला पावणेतीनशे किलोच्या घरात निघतो. कोळशाच्या जुन्या संचातून युनिटला दोन-अडीच ग्रॅम धरले तर सगळीच वीज कोळशाची असली तरी ६० ते ८० किलो. इथे फायदा निर्विवाद आहे. शिवाय जहाजाची चिमणी धक्क्यावर, उरण-जासईच्या वस्तीच्या तोंडासमोर असते, आणि धक्क्यावरचे क्रेनवाले, ट्रकवाले त्याच हवेत पाळ्या करतात. डिझेलच्या काजळीचंही तसंच: बारीक, फुप्फुसात खोल जाणारी, वस्तीजवळच सुटणारी. उरणच्या माणसाला विचारलंस तर केबल लागलीच पाहिजे असं तो म्हणेल, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

आता सल्फर डायऑक्साइड. इथे बाबा जिंकतात.

१ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या तेलात गंधक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी साडेतीन टक्के चालायचं. सहा टन तेल, अर्धा टक्का गंधक, जळल्यावर वजन दुप्पट: दिवसाला ६० किलो सल्फर डायऑक्साइड. कोळशाचं काय? एका युनिटला सातशे ग्रॅमच्या आसपास कोळसा. त्यात गंधक अर्धा टक्का धर, थोडं राखेत अडकतं असं धर, तरी युनिटला साडेसहा ग्रॅम येतात. देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशाची. ३१,३०० युनिटांपैकी तेवढ्याच कोळशाच्या धरल्या तरी दिवसाला दीडशे किलो. म्हणजे एफजीडी, अर्थात धुरातलं गंधक चुन्याच्या पाण्याने धुऊन काढणारं यंत्र, ज्या केंद्राला नाही तिथून वीज घेतली तर जहाजातून वाचलं त्याच्या अडीचपट तिकडे निघालं.

या आकड्यावर थोडा न्याय करून बोलायला पाहिजे. मोठ्या केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच असते. तिथून सुटलेला एक किलो आणि जहाजातून सुटलेला एक किलो जवळच्या माणसाच्या नाकात सारख्या प्रमाणात जात नाहीत. उंचावरचा गंधक लांब जातो, वाटेत सल्फेटचे बारीक कण होतो आणि भलत्याच गावाच्या हवेत उतरतो. पण चंद्रपूरकडे आधीच काय कमी आहे? खाणी आहेत, सिमेंट आहे, घुग्गुस-वणीच्या रस्त्यावरची धूळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं. भरलेल्या पोत्यात आणखी एक पायली टाकताना 'पायलीच तर आहे' म्हणायचं का, हा प्रश्न आहे.

गंधकाचे निकष केंद्राने २०१५ मध्ये आणले. मुदती पुढे ढकलत ढकलत जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुसंख्य संचांना एफजीडीतून सूटच दिली. अतिप्रदूषित पट्ट्यांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक घ्यायचा असं ठरलं. आता तुलना बघ: डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला एफजीडी २००७ पासून आहे. तिथे चिकूच्या बागायतदारांनी, पर्यावरणवाल्यांनी आणि न्यायालयाने पिच्छा सोडला नाही. आणि त्याच डहाणूजवळ वाढवणचं नवं बंदर होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्याला हवा स्वच्छ पाहिजे हे किनाऱ्याला कळतं. आपल्याकडे ते म्हणायला उशीर झाला, एवढंच.

पण बाबांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांग. मापाचा विचार केला तर जहाजांमुळे चंद्रपूर काळवंडेल असं अजिबात नाही. न्हावाशेव्याला एका वेळी दहा-बारा जहाजांनी केबल लावली तरी १५ मेगावॅटच्या आसपास भार होईल. चंद्रपूर महाऔष्णिक २,९२० मेगावॅटचं आहे, तिरोडा ३,३०० चं, शिवाय कोराडी, खापरखेडा वेगळे. सगळा भार एकट्या चंद्रपूरवर आला असं धरलं तरी अर्धा टक्का. आपल्या त्या एका जहाजाच्या एका दिवसाला सोळा-सतरा टन कोळसा, म्हणजे घुग्गुसच्या रस्त्यावरचा एक ट्रक. चंद्रपूरच्या धुराचं दुखणं मुंबईच्या एसींत आहे, नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत आहे, आपल्या कृषिपंपांतही आहे. जहाजाच्या केबलला विरोध करून ते हटणार नाही. वाद करायचाच तर तो केबल कुठली वीज ओढते यावर करावा.

तिथे माझं मत ठाम आहे. बंदराने किनाऱ्याची वीज द्यावी, पण ती वीज सौर-पवनच्या करारातून घ्यावी, आणि करार तासातासाचा असावा. ग्रीन एनर्जी ओपन ॲक्सेसचे नियम २०२२ मध्ये आले, १०० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकाला हरित वीज थेट विकत घेता येते. बंदराला हे सहज शक्य आहे. खोट आहे ती बेरजेत. दिवसा सौर वीज बंदराच्या नावे ग्रिडला टाकायची, रात्री जहाजाने ग्रिडवरून घ्यायची, महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे जुळवून 'शंभर टक्के हरित' असा बोर्ड लावायचा. जहाज रात्रीही उभंच असतं, आणि रात्री साडेदहाला ग्रिडवर वाढलेला मेगावॅट बहुतेक कोळशाच्याच संचातून येतो. दुपारी मात्र उलट असतं: सौर वीज इतकी येते की कोळशाचे संच कमी भारावर रेटत चालवावे लागतात, आणि त्या वेळी जहाजाने वीज घेतली तर खरंच फायदा आहे. बाबांना विचार, त्यांच्या संचांचा भार दुपारी किती उतरवतात आणि संध्याकाळी सातनंतर कसा चढवतात. रात्रीसाठी पवन, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून साठवलेली वीज) किंवा बॅटरी करारात असली पाहिजे. महाग पडेल, हे कबूल.

पैशाचंच बोलतो आता. जहाजाला स्वतःची वीज युनिटला दहा ते तेरा रुपयांच्या घरात पडते. तेलाच्या भावावर आणि डॉलरवर ते अवलंबून. ग्रिडचं युनिट त्याहून स्वस्त वाटतं. गोम डिमांड चार्जमध्ये, म्हणजे मंजूर लोडवर लागणाऱ्या आकारात आहे. आपल्याकडच्या जिनिंगवाल्याला विचार: कापूस चार-पाच महिने, पण लोडचं ओझं मंजूर केव्हीएवर वर्षभर मागे लागतं. बंदराचं तेच होतं. साडेसात एमव्हीएचं कनेक्शन घ्यायचं, आणि केबलची सोय असलेलं जहाज आठवड्यातून दोनदा येणार. बाकी दिवस सॉकेट रिकामं, बिल चालू. म्हणून नुसती सोय बांधून भागत नाही, जहाजांवरही सक्ती लागते. जहाजमालक म्हणतो बंदरात सोय नाही, मी यंत्र काहून बसवू. बंदर म्हणतं जहाजावर यंत्र नाही, मी सोय काहून करू. हे वर्षानुवर्षं चालतं.

कॅलिफोर्नियाने ही गाठ नियमाने सोडवली. गोटेबर्गला २००० साली उच्च दाबाची जोडणी झाली होती, लॉस एंजेलिसला २००४ मध्ये कंटेनर जहाजासाठी, पण आकडा हलला तो २०१४ नंतर, जेव्हा कंपनीच्या निम्म्या फेऱ्यांना किनाऱ्याची वीज सक्तीची झाली. २०२० पर्यंत ते प्रमाण ८० टक्क्यांवर नेलं. युरोपमध्ये मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना २०३० पासून सक्ती आहे. आपल्याकडे केंद्राच्या बंदरांसाठीच्या २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत विषय आहे. टगबोटी आणि छोट्या बोटींना कमी दाबाची वीज देणं सोपं आहे आणि ते आधी होतं. मोठ्या जहाजांचं काम वेगळं. वाढवण नवीन बांधतायत, तिथे केबलचे नळ आणि सबस्टेशनची जागा पहिल्या दिवसापासून नकाशात घातली तर स्वस्तात होईल. चालू धक्का फोडून नंतर घालणं म्हणजे दुप्पट खर्च आणि धंद्याचा खोळंबा.

केबलशिवायही एक उपाय आहे आणि त्याच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. युरोपच्या बंदरांत २०१० पासून धक्क्यावर दोन तासांपेक्षा जास्त उभ्या जहाजाला ०.१ टक्का गंधकाचंच तेल जाळावं लागतं. तो नियम उद्या न्हावाशेव्याला लावला तर आपल्या हिशेबातले ६० किलो १२ वर येतात. एक खड्डा खणावा लागत नाही, चंद्रपूरला एक ट्रकही जास्त लागत नाही. जहाजावर ते तेल असतंच, टाकी बदलायची असते. नायट्रोजन ऑक्साइड त्याने कमी होत नाही, त्यासाठी केबलच पाहिजे. पण गंधकापुरता हाच उपाय पहिला करावा असं मी म्हणेन.

प्रोजेक्टचं म्हणशील तर अख्ख्या बंदराचा हिशेब करायला जाऊ नकोस, गुंता होईल. एक जहाज, एक दिवस घे. जहाजाचा भार तासागणिक मांड, कारण क्रेन लागल्यावर बॅलास्ट पंप चालतात आणि भार उसळतो. ग्रिडचा आकडा प्राधिकरणाच्या अहवालातून घे, पण एक गणित सरासरीने आणि एक 'रात्री सगळा कोळसा' धरून कर. दोन्ही उत्तरं शेजारी छाप. कार्बन, नायट्रोजन, गंधक हे तीन रकाने वेगळे ठेव, त्यांची बेरीज करू नकोस. बॉयलरचं तेल दोन्ही बाजूंना सारखं धर, विसरू नकोस. आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता कंपनीच्या पत्रकात ९७-९८ टक्के लिहिलेली दिसेल, ती पूर्ण भारावरची असते. साडेसात एमव्हीएच्या संचावर १२०० किलोवॅटचं जहाज लावलं तर तो पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर चालतो, ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी तोटा आणि पंख्यांचा खर्च तेवढाच राहतो, आणि खरी कार्यक्षमता खाली येते. म्हणून मी वर आठ टक्के धरले. व्हायवाला बाहेरचा परीक्षक कामाचा निघाला तर पहिला प्रश्न इथेच विचारेल, तेव्हा भाराप्रमाणे कार्यक्षमतेचा आलेख काढून ठेव.